बसलेला हात रुसतो तेव्हा

१९८४ साली इंग्लंडमध्ये झालेल्या एका मोटार अपघातात ज्युलियन ब्रीम यांच्या उजव्या कोपराचा चुराडा झाला. ब्रीम तेव्हा पन्नाशीत होते आणि अभिजात गिटारवादनात त्यांचे नाव जगभर आदराने घेतले जात होते. गिटारवादकाचा उजवा हात म्हणजे त्याचे पोट. तो कोपरातच मोडल्यावर आता वादन संपले, असे कोणालाही वाटले असते. पण हाडे जुळली, ब्रीम पुन्हा व्यासपीठावर बसले आणि २००२ पर्यंत मैफली करत राहिले.

त्याच दशकात अमेरिकेतले डेव्हिड लाइस्नर हे तिशीतले गिटारवादक नावारूपाला येत होते. टोरंटो आणि जिनिव्हा इथल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत त्यांनी वरची पारितोषिके मिळवली होती. त्यांना अपघात झाला नव्हता, हाड मोडले नव्हते. तरीही त्यांच्या उजव्या हाताची बोटे वाजवताना ऐकेनाशी झाली. पूर्ण हाताने पुन्हा वाजवता येईपर्यंत जवळजवळ बारा वर्षे गेली.

चुराडा झालेला कोपर सावरला आणि धडधाकट हात बारा वर्षे अडून बसला, हे कोडे वाटते. पहिली दुखापत हातात होती, दुसरी हात चालवणाऱ्या मेंदूत, हे त्याचे उत्तर. या दुसऱ्या आजाराचे नाव फोकल डिस्टोनिया. तो समजून घ्यायचा तर आधी हे वादक आपल्या हाताकडून नेमके काय काम करून घेतात, ते पाहायला हवे.

नखांची मिजराब

गिटार आपल्याला परकी नाही. चित्रपटगीतांत ती आहे, महाविद्यालयांच्या गॅदरिंगमध्ये आहे, गोव्यात मांडो गाताना व्हायोलिन आणि घुमटाच्या जोडीला आहे. अभिजात गिटार मात्र थोडी वेगळी. तिच्या तारा पोलादी नसून नायलॉनच्या असतात. ती प्लॅस्टिकच्या पट्टीने न छेडता बोटांनी वाजवतात. सभागृहात सहसा तिला विजेच्या यंत्राची जोड नसते, बोटांतून निघेल तेवढाच आवाज. वादक खुर्चीत बसतो, डावा पाय छोट्या चौरंगीवर ठेवतो आणि गिटार त्या मांडीवर टेकवतो. आज आपण पाहतो तो तिचा आकार एकोणिसाव्या शतकात स्पेनमधले कारागीर अंतोनियो दे तोरेस यांनी पक्का केला. तिला जगभरच्या मोठ्या सभागृहांत नेण्याचे श्रेय मुख्यतः आंद्रेस सेगोव्हिया (१८९३–१९८७) यांना जाते.

तारांच्या बाबतीत या वाद्याचा वैद्यकाशी एक गमतीशीर संबंध आला. पूर्वी गिटारच्या वरच्या पट्टीतल्या तीन तारा प्राण्यांच्या, मुख्यतः मेंढ्यांच्या, आतड्यांपासून करत. शल्यचिकित्सक जखमा शिवायला वापरत तो ‘कॅटगट’ धागाही याच वस्तूचा. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांसाठी या धाग्याची मागणी एवढी वाढली, की वादकांना तारा मिळेनात. तेव्हा न्यूयॉर्कमधले वाद्यकारागीर अल्बर्ट ऑगस्टीन यांनी नायलॉनच्या तारा करून पाहिल्या. सेगोव्हिया यांनी त्या उचलून धरल्या आणि आतड्याची तार मागे पडली. पुढे नायलॉनचा धागा शस्त्रक्रियागृहातही रुळला.

या तारा छेडण्याचे काम उजव्या हाताकडे. अंगठा खर्जाच्या तारा सांभाळतो. तर्जनी, मधले बोट आणि अनामिका वरच्या तारांवर चालतात. करंगळीला सहसा सुट्टी असते. प्रत्येक बोट तार दोन प्रकारे छेडू शकते. एक म्हणजे छेडून शेजारच्या तारेवर टेकायचे, त्याने स्वर भरदार येतो. दुसरा प्रकार छेडून मोकळे सुटायचे. स्पॅनिश रचनाकार फ्रान्सिस्को तार्रेगा यांची अलहम्ब्रा राजवाड्याच्या आठवणींवरची प्रसिद्ध रचना ऐकताना सलग थरथरणारा स्वर ऐकू येतो. वास्तविक छेडलेली तार सनईसारखा सूर धरून ठेवू शकत नाही. अंगठा, अनामिका, मधले बोट आणि तर्जनी या क्रमाने बोटे एकामागून एक पडतात, सेकंदाला नऊ-दहा वेळा. कानाला ती धार अखंड वाटते. चारांपैकी एक बोट किंचित लवकर किंवा जोरात पडले, तरी धार तुटते.

सतारवादक तर्जनीत तारेची मिजराब घालतो. गिटारवादकाची मिजराब त्याच्याच शरीरातून उगवते, ती म्हणजे उजव्या हाताची नखे. बोटाच्या मांसाने तार पकडायची आणि नखाच्या कडेवरून सोडायची, यातून स्वराचा पोत ठरतो. म्हणून उजव्या हाताची नखे वाढवून बारीक घासपट्टीने, मग अत्यंत मऊ पॉलिशपेपरने गुळगुळीत करायची. डाव्या हाताची नखे मात्र अगदी बोटाला लागून कापलेली, कारण त्या बोटांनी तारा दाबायच्या असतात. नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढते. मैफलीच्या आदल्या दिवशी मोटारीच्या दारात नख मोडले तर वाट पाहायला वेळ नसतो. अशा वेळी टेबल टेनिसच्या चेंडूचा तुकडा कापून नखाखाली चिकटवण्याची युक्ती गिटारवादकांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. रक्तातले लोह कमी झाले किंवा थायरॉइडचे काम मंदावले की नखे ठिसूळ होतात. इतरांच्या ते लक्षातही येत नाही. गिटारवादकाच्या कानाला ते चटकन कळू शकते.

बोटांचे स्नायू बोटांत नसतात

एक छोटा प्रयोग करून पाहा. तळहात टेबलावर पालथा ठेवा. मधले बोट दुमडून तळव्याखाली घ्या. आता इतर बोटे एकेक करून उचला. अंगठा, तर्जनी आणि करंगळी उचलली जातात. अनामिका मात्र जागची हलत नाही.

हा अशक्तपणा नव्हे, आपल्या हाताची रचनाच तशी आहे. बोटांमध्ये ती हलवणारे स्नायू नसतात. काही लहान स्नायू तळहातात असतात आणि मोठे, ताकदीचे स्नायू कोपर आणि मनगट यांच्या दरम्यान. तिथून लांब दोऱ्यांसारख्या कंडरा मनगट ओलांडून बोटांपर्यंत जातात. कठपुतळीच्या दोऱ्या वरून हलवाव्यात, तसे हे काम चालते. बोटे सरळ करणाऱ्या कंडरा हाताच्या पाठीवर आडव्या पट्ट्यांनी एकमेकींना जोडलेल्या असतात, त्यामुळे अनामिकेला शेजाऱ्यांना सोडून फारसे काही करता येत नाही. नेमके हेच बोट गिटारवादकाच्या तीन मुख्य बोटांपैकी एक. त्याला स्वतंत्रपणे चालवायला शिकण्यात वर्षे जातात. हे स्वातंत्र्य हातातल्या दोऱ्या सैल करून मिळत नाही. दोऱ्या ओढणाऱ्या मेंदूला तालीम द्यावी लागते.

डाव्या हाताचे काम वेगळे. त्याने तारा दाबायच्या, कधी तर्जनी आडवी टाकून सहाही तारा एकदम. गिटारच्या सहा तारांचा एकत्रित ताण चाळीस किलोच्या आसपास असतो. त्या दाबायला ताकद लागतेच, शिवाय मनगट वाकलेले असते. मनगटातल्या अरुंद बोगद्यातून नऊ कंडरा आणि एक मज्जातंतू जातो. मनगट फार वाकवून तासन्‌तास वाजवले, तर कंडरांच्या आवरणाला सूज येते आणि मज्जातंतू दाबला जाऊ शकतो. मग अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येतात, रात्री हात झटकत उठावे लागते. एक पाय वर ठेवून वर्षानुवर्षे बसल्याने कंबर धरते. म्हणूनच आता अनेक वादक चौरंगी सोडून गिटारला जोडायचा आधार वापरतात आणि दोन्ही पाय जमिनीवर ठेवतात.

वादकांच्या शरीराला होणारा हा त्रास काही गिटारपुरता नाही. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या ऑर्केस्ट्रांमधील दोन हजारांहून अधिक वादकांची पाहणी झाली. वादनावर परिणाम करणारी किमान एक तरी गंभीर शारीरिक तक्रार असल्याचे त्यांतल्या सुमारे ७६ टक्के वादकांनी सांगितले. सूज, मुंग्या, कंबरदुखी या तक्रारींचा एक गुण असा, की त्या दुखतात. दुखले की माणूस थांबतो, निदान कुरकुरतो. फोकल डिस्टोनिया सहसा दुखत नाही.

मेंदूतला नकाशा

आपल्या मेंदूत शरीराचा एक नकाशा असतो. प्रत्येक बोटासाठी त्यात वेगळी जागा राखलेली असते आणि वापराप्रमाणे ती जागा बदलते. १९९५ साली जर्मनीतल्या संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात तंतुवाद्ये वाजवणारे नऊ जण होते, सहा चेलोवादक, दोन व्हायोलिनवादक आणि एक गिटारवादक. त्यांच्या डाव्या हाताच्या बोटांना हलका स्पर्श करून मेंदूतला प्रतिसाद मोजला. वाद्य न वाजवणाऱ्यांच्या तुलनेत या वादकांच्या बोटांचा प्रतिसाद मोठा होता. ज्यांनी लहानपणी शिकायला सुरुवात केली होती, त्यांच्यात तो आणखी मोठा. ‘हात बसला’ असे आपण म्हणतो, तेव्हा मेंदूत काय घडलेले असते, त्याचे हे जवळजवळ चित्रच.

पुढे याच संशोधकांच्या गटाने हाताचा डिस्टोनिया झालेल्या वादकांचे मेंदू तपासले. त्यांच्या नकाशात बोटांच्या जागा एकमेकींच्या जवळ सरकल्या होत्या, त्यांच्या सीमा पुसट झाल्या होत्या. दोन शेजाऱ्यांमधली भिंत पडावी आणि एकाच्या नावाचे पत्र दुसऱ्याच्या घरी जावे, तसे. मेंदू हुकूम देतो मधल्या बोटाला आणि अनामिकाही त्याच्याबरोबर वळते.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात १९९६ साली माकडांवर झालेल्या प्रयोगाने यात भर घातली. माकडांना हाताची एकच पकड वेगाने, हजारो वेळा करायला शिकवले. काही काळाने त्यांचा हात बिघडला. मेंदू तपासला तेव्हा बोटांच्या जागा एकमेकींत मिसळलेल्या आढळल्या. म्हणजे नकाशा ज्या सरावाने रेखीव होतो, तोच सराव एका मर्यादेपुढे, एकाच साच्यात आणि घाईने झाला, तर नकाशा विस्कटूही शकतो. अर्थात खूप वाजवणाऱ्या प्रत्येकाला हा आजार होत नाही. व्यावसायिक वादकांत साधारण शंभरात एकाला तो होतो, असा अंदाज आहे. पुरुषांत तो अधिक दिसतो आणि बहुधा तिशीच्या आसपास किंवा त्यानंतर सुरू होतो. काहींच्या कुटुंबात असे आजार असतात. चुकीला अजिबात जागा नको असा स्वभाव आणि सततची चिंता यांचाही हात असावा, असे अभ्यास सांगतात.

बोट ऐकत नाही

सुरुवात अगदी किरकोळ असते. नेहमीचा एखादा जलद तुकडा वाजवताना एक बोट किंचित आत वळते. गिटारवादकांत हे बहुधा उजव्या हाताचे मधले बोट किंवा अनामिका असते. तुकडा अडखळतो. वादकाला वाटते, आज हात गरम झाला नाही. आठवड्याने पुन्हा तेच. मग ते बोट सांभाळून घेण्यासाठी शेजारचे बोट ताठ होते, मनगट वेडेवाकडे वळते. काही महिन्यांत खोड कोणती आणि ती झाकण्याची धडपड कोणती, हे वेगळे ओळखता येत नाही.

गोंधळात टाकणारी गोष्ट अशी, की हाच हात बाकी सगळे करतो. सदऱ्याची बटणे लावतो, जेवतो, किल्ली फिरवतो, पेनने सुंदर अक्षर काढतो. गिटार हातात घेतली की मात्र बिघडतो. क्ष-किरण तपासणी, मज्जातंतूंची तपासणी, एमआरआय सहसा सर्व ठीक येते. साहजिकच घरचे म्हणतात, मनावर घेतलेस. काही डॉक्टरही मानसिक ताण एवढेच निदान करून मोकळे होतात. काही वादकांना रबरी हातमोजा घातल्यावर थोडा वेळ बरे वाजवता येते. बोटाला होणारा स्पर्श बदलला की मेंदूकडे जाणारी खबर बदलते, म्हणून. हातात दोष असता तर हातमोज्याने तो गेला नसता.

अशा वेळी वादक काय करतो? लहानपणापासून त्याला एकच औषध माहीत असते. तुकडा येत नाही तर तो शंभर वेळा घोटायचा. चार तास कमी पडत असतील तर सहा तास बसायचे. या आजारात नेमके हेच घातक ठरते. बिघडलेली हालचाल प्रत्येक आवर्तनाबरोबर मेंदूत पक्की होत जाते. पाय मुरगळल्यावर कोणी धावायचा सराव वाढवत नाही, कारण पाय ठणकत असतो. इथे ठणका नाही, म्हणून अडवणारे कोणी नाही.

गप्प राहण्याचे कारण

गिटारवादक हे लपवतो, यामागे व्यवहार आहे. सिम्फनी ऑर्केस्ट्रामध्ये व्हायोलिन, चेलो, बासरी यांच्या खुर्च्या ठरलेल्या असतात, त्यांना पगार असतो. गिटारला तिथे कायमची खुर्ची नाही. त्यामुळे अभिजात गिटारवादक बहुतेक वेळा स्वतंत्र व्यावसायिक असतो. एकल मैफली, थोडे ध्वनिमुद्रण, लग्नसमारंभातले वादन आणि मुख्यतः शिकवण्या, यांवर त्याचा महिना चालतो. नुसत्या मैफलींवर जगणारे फारच थोडे. मैफली कितीतरी महिने आधी ठरतात आणि आयोजकांना ‘याचा हात गेला’ अशी कुणकुण लागली तर पुढचे बोलावणे येत नाही. व्यासपीठावर तो एकटा असतो. दीड-दोन तासांचे संगीत पाठ, समोर कागद नाही, चूक झाकायला शेजारी कोणी नाही.

ही शांतता मोडायला सुरुवात झाली ती १९८०च्या दशकात. पियानोवादक लिऑन फ्लायशर आणि गॅरी ग्रॅफमन यांनी आपल्या उजव्या हाताच्या आजाराबद्दल जाहीरपणे बोलायचे ठरवले. फ्लायशर यांचा हात १९६०च्या दशकातच बिघडला होता आणि ते अनेक वर्षे फक्त डाव्या हातासाठी लिहिलेल्या रचना वाजवत होते. एवढी मोठी माणसे बोलल्यावर इतरांनाही धीर आला आणि वादकांच्या आजारांसाठी स्वतंत्र दवाखाने निघू लागले.

उपचार आहेत, जादू नाही

फोकल डिस्टोनिया मुळापासून घालवणारी गोळी आज उपलब्ध नाही. ट्रायहेक्सीफेनिडिल हे औषध काहींना उपयोगी पडते, पण तोंडाला कोरड पडते, दृष्टी अंधूक होते आणि विसरायला होते. दोन तासांचे संगीत पाठ ठेवणाऱ्याला शेवटचा परिणाम परवडणारा नसतो. जास्त आवळणाऱ्या स्नायूत बोटुलिनम विषाचे अत्यंत सूक्ष्म प्रमाणात इंजेक्शन देतात. त्याने तो स्नायू सुमारे तीन महिने सैलावतो. मात्रा थोडी कमी झाली तर उपयोग नाही, थोडी जास्त झाली तर शेजारचे चांगले बोट लुळे पडते. फ्लायशर यांना १९९०च्या दशकात या इंजेक्शनांचा फायदा झाला आणि ते पुन्हा दोन्ही हातांनी वाजवू लागले.

तिसरा मार्ग पुनर्शिक्षणाचा. बिघडलेला तुकडा सोडून द्यायचा, अगदी संथ लयीत, हात बिघडणार नाही एवढेच वाजवायचे आणि मेंदूला ती हालचाल पुन्हा पहिल्यापासून शिकवायची. हे काम महिन्यांचे नाही, वर्षांचे आहे. जर्मनीतल्या हॅनोव्हर इथल्या संगीत विद्यापीठात वादकांच्या आजारांची स्वतंत्र संस्था आहे. तिथल्या डॉक्टरांनी १४४ वादकांचा दीर्घकाळ पाठपुरावा केला. निरनिराळ्या उपचारांनंतर निम्म्याहून थोड्या अधिक वादकांनी सुधारणा झाल्याचे सांगितले. सुधारणा म्हणजे पूर्वीसारखा हात नव्हे, हेही इथे लक्षात ठेवायला हवे.

अगदी निवडक रुग्णांत मेंदूची शस्त्रक्रिया करतात. २०१७ साली बंगळूरूमध्ये अशी शस्त्रक्रिया झाली, तिची बातमी देशभर गाजली होती. डाव्या हाताचा डिस्टोनिया झालेला एक गिटारवादक शस्त्रक्रियेच्या टेबलावर पूर्ण जागा राहून गिटार वाजवत होता. डॉक्टर मेंदूच्या खोल भागातला बिघडलेला बिंदू उष्णतेने निकामी करत होते आणि बोटे मोकळी झाली की नाही, हे त्याच्या वादनावरूनच कळत होते. ती चित्रफीत पाहून थक्क व्हायला होते. तरीही हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे.

लाइस्नर यांनी वेगळी वाट धरली. निरनिराळे उपचार करूनही हात सुधारेना, तेव्हा त्यांनी स्वतःच्या हालचालींचा बारकाईने अभ्यास सुरू केला. बोटांची लहान स्नायूंची यंत्रणा एकटीच सगळा भार उचलत असेल, तर खांदा, दंड आणि पाठ यांच्या मोठ्या स्नायूंना कामाला लावून तो भार हलका करता येईल, हा त्यांचा मुख्य विचार. मधल्या काळात जी बोटे ऐकत होती, तेवढ्याच बोटांनी ते वाजवत राहिले आणि संगीतरचनाही करत राहिले. १९९०च्या दशकाच्या मध्यावर त्यांचा पूर्ण हात परत आला. एका व्यक्तीचा अनुभव म्हणजे शास्त्रीय पुरावा नव्हे आणि त्यांच्या पद्धतीने प्रत्येकाला गुण येईलच, असे सांगता येत नाही. पण बिघडलेला मेंदू नव्याने शिकू शकतो, याचे ते जिवंत उदाहरण आहे.

आपल्या हाताचे काय?

हा आजार केवळ गिटारचा नाही. तबला, सतार, हार्मोनियम, बासरी वाजवणाऱ्यांनाही तो होऊ शकतो. त्याचे सर्वांत ओळखीचे भावंड तर वाद्याशी संबंधितच नाही. एखादा कारकून पेन हातात घेतो आणि बोटे त्याच्यावर आवळली जातात, मनगट मुडपते, अक्षर बिघडते. सही जुळत नाही म्हणून बँकेतून चेक परत येतो. हा लिहिणाऱ्यांचा डिस्टोनिया. शिंपी, सोनार, टंकलेखक, एकाच बारीक हालचालीवर पोट असलेल्या कोणालाही तो गाठू शकतो.

आपल्याकडे अनेक शहरांत वादकांच्या आजारांसाठी वेगळा बाह्यरुग्ण विभाग नाही. म्हणून कोणाकडे जायचे, हे माहीत असलेले बरे. दुखणे, सूज, मुंग्या असतील तर अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्टपासून सुरुवात करावी. न दुखता एकच बोट, एकाच कामात, पुन्हा पुन्हा चुकत असेल तर मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवावे. जाताना वाद्य बरोबर न्यावे, नेण्यासारखे नसेल तर मोबाइलवर वाजवतानाची चित्रफीत काढून न्यावी. रिकामा हात तपासून हा आजार दिसत नाही. तो वाजवताना, लिहिताना, शिवतानाच पाहावा लागतो.

त्याआधी सांभाळायच्या गोष्टी साध्या आहेत. सेगोव्हिया नव्वदी ओलांडल्यावरही मैफली करत होते. ते दिवसाला साधारण पाच तास सराव करत, पण सलग नव्हे, सवा-सवा तासाचे तुकडे पाडून आणि मध्ये विश्रांती घेऊन. परीक्षा किंवा स्पर्धा जवळ आली म्हणून सरावाचे तास अचानक दुप्पट करू नयेत. वाद्य किंवा बैठक बदलल्यावर सुरुवातीचे काही आठवडे कमी वाजवावे. एकच तुकडा वेगात शंभर वेळा घोटण्याऐवजी संथ लयीत, मध्येच दुसरे काही वाजवत तो पक्का करावा. थकल्यावर वाजवलेल्या शेवटच्या अर्ध्या तासातून बहुधा चुकाच पाठ होतात. गुरुजनांनीही ‘बोट ऐकत नाही’ असे शिष्य म्हणाला, तर त्यात आळस शोधण्याआधी त्याचा हात नीट पाहावा.

लाइस्नर पुढे न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन स्कूल ऑफ म्युझिकमध्ये शिकवू लागले. हाताला इजा न होता गिटार कशी वाजवावी, यावरचे त्यांचे पुस्तक २०१८ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केले. बारा वर्षांत जे त्यांना अडखळत, एकट्याने शोधावे लागले, ते आता विशीतल्या मुलांना पहिल्या वर्षापासून वाचता येते. आपल्याकडच्या संगीत विद्यालयांतही स्वर आणि ताल यांच्याबरोबर हाताची ही ओळख करून दिली, तर न दुखता बिघडणारे बोट वेळेवर डॉक्टरांपर्यंत पोहोचेल. तोवर एवढे लक्षात ठेवावे, की बसलेला हात रुसला तर त्याच्यावर आणखी मेहनतीची सक्ती करू नये. वाद्य खाली ठेवावे आणि हात दाखवून घ्यावा.